दोन पंख्यांएवढी वीज

संदेशला एक खोड होती. आंबीच्या कारखान्यात मेंटेनन्सला नवी पोरं आली, की पहिल्याच दिवशी तो त्यांना एखाद्या मोटरीपुढे उभं करायचा. "हिच्या पाटीवर सहा अँपिअर लिहिलंय. हिला किती लागतील?" पोरं बिचारी म्हणायची, सहा. मग संदेश कपाळाला हात लावायचा. "सहा चालताना. उठताना क्षणभर तिप्पट ओढते, ते कुणी द्यायचं, तुमच्या मामाने?" हे तो इतक्यांदा म्हणाला होता, की पोरं त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

तर अशा ह्या शहाण्या माणसाने स्वतःच्या कॅरव्हॅनच्या एसीला मात्र पाटीवरचे सहाच धरले.

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची खोली. आत दोन पलंग, छोटा ओटा, छपरावर एसी. त्याने ती जुनी घेऊन रंगवली आणि वलवणच्या धरणाच्या वरच्या अंगाला, सासऱ्याच्या माळावर नेऊन उभी केली. पर्यटकांना भाड्याने द्यायची कल्पना त्याच्या बायकोची, माधवीची. संदेशने फक्त वीज बघायची होती. माळावर लाइन नव्हती म्हणून त्याने दोन किलोवॅटचा जनरेटर आणला. "सहा अँपिअर म्हणजे तेराशे-चौदाशे वॅट. बाकीच्यावर तुझा मिक्सरपण फिरेल," असं बायकोला कागदावर मांडून दाखवलं.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण कँटीनमध्ये मोठे साहेब समोर बसलेले पाहून त्याची जीभ वळवळली. "साहेब, शनिवारी घरच्यांना घेऊन या. मे महिन्यात पांघरूण मागाल." साहेबांनी ताटातून मान वर करून विचारलं, "लोड नीट काढलास ना?" आणि सगळं टेबल ऐकत असताना संदेश म्हणाला, "साहेब, माझं आयुष्य त्यातच गेलंय." जूनमध्ये मेंटेनन्सला सुपरवायझर नेमायचा होता आणि तो साहेबच नेमणार होते. टेबलावरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

गुरुवारी त्याने पहिल्यांदा एसी लावून पाहिला. कॉम्प्रेसर कण्हला, जनरेटरला धाप लागली, लाल दिवा पेटला आणि सगळं बंद पडलं. संदेशला काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. त्याचे कान तापले.

"काय झालं?" माधवीने विचारलं.

"पेट्रोलमध्ये कचरा असेल."

त्याने आणखी दोनदा लावून पाहिला. माधवी तेवढी भोळी नव्हती. "साहेबांना फोन करून सांगा, एसी चालणार नाही म्हणून. संध्याकाळी धरणावरून वारा येतो की चांगला."

"वारा खायला माणूस आंबीहून येतो का इथं?"

त्याने लोणावळ्यात मोठ्या जनरेटरसाठी फोन फिरवले. लग्नसराईमुळे सगळे बाहेर गेले होते. फोन खिशात टाकून तो माळाच्या कडेला गेला, तेव्हा ओढ्यापलीकडे ठाकरवाडीतल्या सतरा घरांवर गेलेली तार त्याला दिसली. बारीक, लांबून आलेली, दिव्या-पंख्यांपुरती. ही लाइन एसीला पुरायची नाही, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने झोपेतही सांगितलं असतं.

वाडीतलं पहिलं घर गोविंदाचं. गोविंदा साठीचा. संदेशच्या सासऱ्याच्या बांधावर त्याची हयात गेलेली, म्हणून घरातली लहानथोर सगळी त्याला अरेतुरेच करायची. संदेशही तसंच बोलायचा, त्यात काही वावगं आहे असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"गोविंदा, दोन दिवस तुझ्या मीटरवरून वायर घेतो. पाहुणे यायचेत. बिलाचं मी बघतो."

"घ्या की भाऊ. लय खातं का त्ये मशीन?"

संदेशने इकडे तिकडे पाहिलं. "दोन पंख्यांएवढं."

गोविंदाने मान हलवली. त्याची बायको चिंगी कोरा चहा घेऊन आली. घरात पाळणा होता. मुलगी रूपा बाळंतपणाला माहेरी आलेली, पोर वीस दिवसांचं. पाळण्याजवळ नवा कोरा टेबलफॅन घरघरत होता. संदेशने चहा पिऊन ओढ्यावरून वायर ओढली आणि काम झाल्यावर हात झटकले.

शनिवारी दुपारी साहेब बायकोला आणि सासूबाईंना घेऊन आले. ऊन असं, की कॅरव्हॅनच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. "लाव रे तुझा एसी," साहेब म्हणाले. संदेशने बटण दाबलं. कॉम्प्रेसर कण्हला. संदेशच्या हातातल्या व्होल्टमीटरवर व्होल्टेज एकशे साठपर्यंत खाली आलं आणि एसी गप्प झाला. सासूबाई पदराने वारा घेऊ लागल्या. संदेश उगाच प्लग काढून घालत होता, स्क्रू पिळत होता. आता काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

अर्ध्या तासाने त्याने देवाचं नाव घेऊन पुन्हा बटण दाबलं. व्होल्टेज दोनशे पंधरा. एसी उठला आणि चालू लागला.

हे कसं झालं हे संदेशला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. उलट त्याने साहेबांना पाच मिनिटं ऐकवलं, की लाइन आधी जरा अस्थिर असते, ती ओळखून योग्य वेळी लोड टाकावा लागतो, ते अनुभवाने येतं. साहेब गार वाऱ्याखाली डोळे मिटून म्हणाले, "मानलं तुला." संदेशची छाती दोन इंच फुगली. खोली थंड झाली की कॉम्प्रेसर थांबायचा, परत उठायचा, दर वेळी बिनबोभाट. रात्रभर तसंच चाललं. माधवी तेवढी त्याच्याकडे बघत राहिली.

रविवारी दुपारी साहेबांकडची मंडळी आमरस-पुरी खाऊन आडवी झाली. उरलेला आमरस डब्यात भरून माधवी म्हणाली, "गोविंदाच्या घरी देऊन या. रूपा आहे बाळंतीण." संदेश शीळ घालत ओढा उतरला.

सगळी वाडी आंब्याखाली बसली होती. म्हाताऱ्या, बाया, पोरं, कोंबड्यासुद्धा. पाळणा फांदीला टांगला होता आणि चिंगी त्यावर सुपाने वारा घालत होती. सूप खाली आलं की बाळाचे केस हलायचे. बाळाच्या मानेला, काखेत लालभडक घामोळं उठलं होतं. रूपा भिजलेल्या फडक्याने ते टिपत होती.

"लाइट गेलीय का?" संदेशने विचारलं.

रूपा आईकडे पाहायला लागली. शेवटी चिंगी म्हणाली, "न्हाई भाऊ. हाय की."

"मग फॅन?"

"बंद क्येल्यात."

गोविंदा घरातून पाण्याची कळशी घेऊन आला. संदेशच्या हातातला डबा पाहून त्याला भारी संकोच वाटला. "कशाला आनलं भाऊ. पाव्हन्यांना ऱ्हाऊ द्यायचं."

"गोविंदा, फॅन का बंद आहेत?"

"काल तुमचं मशीन कन्हलं, तवा आमचं दिवं पार मिनमिनलं. म्या म्हनलं, लाइन पुरंना. मग फिरलो घरोघर. समद्यांनी समदं बंद क्येलं. मग उठलं बगा तुमचं." सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधानच होतं. "मधी मधी त्ये थांबतंय आन् परत उठतंय, म्हनून म्हनलं, पाव्हनं हायेत तंवर कुनी बटनाला हात लावायचा न्हाई."

"कालपासून?"

"व्हय."

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

"पाव्हन्याम्होरं कसं सांगायचं? तुमचं पाव्हनं त्ये आमचं बी पाव्हनं." वाडीत तसंच होतं. एका घरी पाहुणा आला की सतरा घरांतून काही ना काही जायचं. ह्या वेळी जाण्यासारखं एवढंच होतं. कळशी खाली ठेवत गोविंदा हळू आवाजात म्हणाला, "तुमी दोन पंखं म्हनला व्हता. आमच्याच वायरी बारीक असतील. जुन्या हायेत."

संदेशला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. रात्री पांघरूण घ्यावं लागल्याची मजा सांगणारे साहेब त्याला आठवले, आपण त्यांना झाडलेलं व्याख्यान आठवलं. ह्या माणसाने सतरा घरांच्या वायरींवर संशय घेतला, पण संदेशच्या शब्दावर घेतला नव्हता. चिंगीचं सूप चालूच होतं. ती ज्या हाताने वारा घालत होती त्याचं मनगट तिने दुसऱ्या हाताने धरलं होतं. संदेशला तिथे उभं राहवेना. डबा रूपाजवळ ठेवून तो चोरासारखा मागे फिरला.

ओढा चढताना त्याच्या मनात आलं, साहेब चार वाजता निघणारच आहेत. दीड तासाचा प्रश्न. त्यानंतर वायर काढून टाकू, बाळाला औषध आणून देऊ, वरकड काही पैसे देऊ, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. असा विचार आपल्याला सुचला, याचीच त्याला पुढच्या पावलाला किळस आली.

त्याने कॅरव्हॅनपाशी जाऊन प्लग उपसला. एसी थांबला. पाच मिनिटांत साहेब बनियनवर बाहेर आले.

"काय रे? गेली?"

"गेली नाही साहेब. मी काढली." संदेशने हातातला प्लग दाखवला. "माझा लोड चुकला होता. पाटीवरचा करंट धरला, सुरू होतानाचा धरलाच नाही. जनरेटर पुरत नव्हता हे मला गुरुवारीच कळलं होतं. तरी सांगितलं नाही."

"मग कालपासून चालतंय ते कशावर?"

संदेशने ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. "त्यांचे पंखे बंद आहेत कालपासून. वीस दिवसांचं पोर आहे तिथं."

साहेबांनी तिकडे पाहिलं, मग संदेशकडे. "पोरांना काय शिकवतोस रे तू?" एवढंच ते म्हणाले, आणि तेही चढ्या आवाजात नाही. माधवी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. जूनचं जे काही व्हायचं होतं ते तिथेच झालं, हे तिघांनाही कळलं. संदेशला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. आता पलीकडे पंखे सुरू होतील, एवढीच त्याला आस होती.

तेवढ्यात ओढ्यातून गोविंदा धावत वर आला. अनवाणी, धापा टाकत. साहेबांना पाहून त्याने आधी डोक्यावरची टोपी नीट केली, मग हात जोडले.

"भाऊ, मशीन बंद पडलं व्हय? आमी कुनी काय बी चालू केलं न्हाई." तो संदेशच्या तोंडाकडे पाहत होता. "देवाशपथ. म्या समद्या घरांत बघून आलो. कुनी बटनाला हात लावला न्हाई."

"आबा," संदेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गोविंदाला आबा म्हटलं, आणि त्याचे जोडलेले हात धरून खाली घेतले.