उलटा हात लावून बघा

मित्रांनो, मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. हसू नका! तुमच्या घरी दुकानातून आणलेला पांढरा, गुळगुळीत बोर्ड असेल. मी सागवानी फळीचा आहे. अंगावर तीन लहान सॉकेट, एक मोठं पॉवरचं सॉकेट, एक लाल दिवा आणि पाठीमागे पंचवीस मीटर वायर. कडेला ऑइलपेंटने लिहिलंय, 'कारभारी'. ते माझं नाव नव्हे, मला घडवणाऱ्याचं.

कारभारी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत वायरमन होते. सुटीच्या दिवशी अंगणात बसून त्यांनी मला केलं. त्यांचा एक नियम होता. मला कामाला लावलं की थोड्या वेळाने ते यायचे आणि आपण लेकराचा ताप बघतो ना, तसा हात उलटा करून माझ्या फळीला टेकवायचे. "गार हाय, चालू द्या," म्हणायचे. गरम लागलो की तिथल्या तिथे पिन काढायचे, मग समोर कुणी का असेना. एकदा ऐन हळदीत गाणं रंगात आलेलं असताना त्यांनी स्पीकर बंद केला. नवरदेवाचा मामा तावातावाने धावून आला. कारभारी शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मुक्या जिवाला सांगता येत नाय. आपणच इचारावं लागतं."

काय दिवस होते ते! भीमजयंतीची रोषणाई माझ्यावर, विहारातला माईक माझ्यावर, कॉलनीतल्या निम्म्या लग्नांचे दिवे माझ्यावर. "कारभारींचा बोर्ड आणा रे," असं कुणी ओरडलं की माझी छाती फुगायची. मग घरोघर इन्व्हर्टर आले, मंडपवाले आपापली सामग्री आणू लागले आणि मी माळ्यावर गेलो. काही वर्षांनी कारभारीही गेले. माझ्या अंगावर धूळ साचली.

माझी खरी गोष्ट इथून सुरू होते. कारभारींची बायको आक्काबाई हिची फुप्फुसं कमजोर झाली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. ते पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरायचं आणि विजेवर चालायचं. आक्काबाईचं जग त्या यंत्राच्या नळीएवढं झालं. दर बुद्ध पौर्णिमेला ती नाशिकला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी विहारात वंदनेला जायची. तीन वर्षं ते बंद होतं. ती तक्रार करायची नाही. पण पौर्णिमा जवळ आली की पांढरं पातळ पेटीतून काढायची, घडी मोडायची आणि परत घालून ठेवायची. मुलगा प्रफुल्ल ते दारातून बघायचा.

"आई, या पौर्णिमेला तुला नेणार म्हणजे नेणारच," एक दिवस तो म्हणाला. "मोठी गाडी घेतो. सिलिंडर, यंत्र, सगळं मावेल अशी."

झालं! घरात दोन पक्ष पडले. प्रफुल्लला प्लग-इन हायब्रिड हवी होती. म्हणजे काय, तर घरी चार्ज करा, पन्नासेक किलोमीटर विजेवर जा आणि वीज संपली की पेट्रोलवर चाला. त्याची बायको अंजली प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला निव्वळ विजेची हवी होती.

"आईला घेऊन निघालो आणि वाटेत बॅटरी संपली तर?" प्रफुल्ल म्हणायचा.

"अहो, नाशिक तीस किलोमीटर. बॅटरी चारशेची. तुमचं आपलं कायम दोन्ही डगरींवर हात!" अंजली म्हणायची. "आणि तुम्ही फोन तरी वेळेवर चार्जिंगला लावता का? ती गाडी तुम्ही जन्मात प्लगला लावणार नाही. नुसतं पेट्रोल जाळाल आणि ती बॅटरी उगाच वागवत फिराल."

शेजारचा दीपक, समोरच्या नवसाबाई, ज्याला स्कूटरसुद्धा येत नाही तोही सल्ला देऊन जायचा. माझी सोय माळ्यावर असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

शेवटी शोरूममधल्या सुनीलने दोन्ही गाड्या दाखवायला आणल्या. हायब्रिड प्रफुल्लला इतकी आवडली की तो आरशात बघून भांग पाडायला लागला. मग विजेची गाडी सुनीलने दोन दिवस दारातच ठेवली. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही! प्रफुल्लची छोटी लेक पिंकी म्हणाली, "आज्जी, ही गाडी तुझ्यासारखी आहे. गुपचूप काम करते." आक्काबाई खुदकन हसली. सुनीलने विजेच्या गाडीची एक खास सोय दाखवली. एक जोडणी लावली की गाडीतून वीज बाहेर घेता येते. त्या हायब्रिडला ती सोय नव्हती. प्रफुल्लने नुसती मान हलवली. त्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

"सर, एकच सांगतो," सुनील जाताना म्हणाला. "चार्जिंग एक्स्टेंशनवरून करू नका. स्वतंत्र पॉइंट, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग पाहिजे. हवं तर शोरूमला येऊन चार्ज करा."

पण ऐकेल तो प्रफुल्ल कसला! गाडी फाटकाबाहेर, सॉकेट घरात. त्याने मला माळ्यावरून उतरवलं. धूळ झटकली, वायर लागेल तेवढीच सोडली आणि बाकीचं वेटोळं तसंच ठेवून गाडीला जोडलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं. पण तो भार माझा नव्हता. पाऊण तासात माझी वायर तापली, मोठं सॉकेट मऊ पडू लागलं. मी वाट बघत होतो, आता कुणी येईल, उलटा हात लावील. कुणी आलं नाही.

वास आक्काबाईला आला. "परफुल्ल, बोर्ड जळतोय रे! बापानं काय शिकवलं व्हतं तुला?"

तेवढ्यात खटकन मेन स्विच पडला. यंत्र टीं टीं करून इन्व्हर्टरवर गेलं. प्रफुल्ल पांढराफटक पडला. आईच्या पायाशी बसला आणि अंजलीला म्हणाला, "बघितलंस? आपल्या घरात विजेच्या गाडीचं नाव काढायचं नाही. रविवारी हायब्रिड बुक करतो." आणि मला? मला फाटकाजवळ भंगारात टाकलं. चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि वादळी वारा सुटला. विजेचे दोन खांब आडवे झाले. कोपऱ्यावरचा लिंब रस्त्यावर पडला. ना जायला वाट, ना यायला. इन्व्हर्टर दीड तास चालला आणि थांबला. आक्काबाईला छोटा सिलिंडर लावला. त्याचा काटा अर्ध्याच्या खाली होता.

"किती वेळ पुरेल?" अंजलीने विचारलं.

"तास. फार तर सव्वा." प्रफुल्ल काट्यावरची नजर न काढता म्हणाला.

आक्काबाईने त्याचा हात धरला. "घाबरू नको, लेकरा," ती म्हणाली. पण तीन शब्दांत तिला दोनदा थांबावं लागलं.

एकदम अंजली उठली. "अहो, गाडी! सुनीलने दाखवलं होतं, गाडीतून वीज काढता येते!" सुनील ती जोडणी डिकीतच ठेवून गेला होता. पण फाटकापासून पलंगापर्यंत वीस मीटर. एवढी वायर आणायची कुठून?

"आज्जोबांचा बोर्ड!" असं म्हणत पिंकी धावलीच.

प्रफुल्लने मला उचललं. वितळलेल्या सॉकेटला हात लावला नाही. वायर पुरती उलगडली, बोटाबोटाने तपासली. ती शाबूत होती. बाकीची तीन सॉकेटही धड होती. एक टोक गाडीला, लहान सॉकेटमध्ये यंत्राची पिन. माझा लाल दिवा लागला. घुर्र! यंत्र सुरू झालं. आक्काबाईच्या ओठांवरचा निळसरपणा हळूहळू गेला. अंजली भिंतीला टेकून रडली.

यंत्राचा भार तो केवढा, दोन मोठ्या बल्बांएवढा! तो मी सहज पेलला. वीज रात्री आठला आली. प्रफुल्लने गाडीच्या पडद्यावर बघितलं. बॅटरी सत्तर टक्क्यांवरून सदुसष्टवर आली होती. फक्त तीन! त्याने परत परत बघितलं.

"अंजली," तो म्हणाला, "मी गाडी निवडत होतो ती आईला न्यायला. ही तर आईला सांभाळते गं." मग माझ्याकडे वळून पुटपुटला, "चूक गाडीची नव्हती. बोर्डाचीही नव्हती. माझी होती."

विजेची गाडी घरी आली. तिच्यासाठी फाटकाशी जाड वायरीचा स्वतंत्र पॉइंट बसला. मी तिकडे बघतो, पण हेवा करत नाही. शेजारच्या दीपकने मात्र हायब्रिड घेतली आणि त्याचंही बरोबर होतं. तो बियाणं घेऊन हरसूलच्या पुढे डोंगरात फिरतो. तिथे चार्जिंग कुठलं? पण रोज न चुकता गाडी प्लगला लावतो हं. ज्याचा जसा रस्ता, तशी त्याची गाडी.

मला नवीन सॉकेट मिळालं आणि डिकीत हक्काची जागा. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वायर ओढून पिन काढू नका, वेटोळ्यात वीज सोडू नका आणि कुणावरही, वस्तू असो की माणूस, भार टाकण्याआधी त्याला झेपेल का ते बघा. एक भार झेपला नाही म्हणून त्याला भंगारातही टाकू नका.

बुद्ध पौर्णिमेला आम्ही लेण्यांच्या पायथ्याशी गेलो. वाटेत आक्काबाईला छोटा सिलिंडर होता. तिथे पोहोचल्यावर अंजलीने मला उलगडून गाडीला जोडलं आणि यंत्र सुरू केलं. पांढऱ्या पातळातली आक्काबाई खुर्चीवर बसली. तिने हात जोडून वंदना म्हटली, थांबत थांबत, पण पूर्ण म्हटली. मग वाकून हाताची उलटी बाजू माझ्या फळीला टेकवली, अगदी त्या नावावर.

"अहो," ती हळूच म्हणाली, "गार हाय."