सगळ्यांचं एकमत होतं

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या हॉस्पिटलमध्ये शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एथिक्स कमिटीची सचिव फटकळच हवी. बाळंतिणींवर किंवा तान्ह्या बाळांवर कुणाला काही संशोधन करायचं असेल, तर ते आधी आमच्यापुढे येतं, आणि मी त्याची पिसं काढल्याशिवाय पुढे सोडत नाही.

पण एकच अभ्यास पाच हॉस्पिटलांत करायचा म्हटलं की पाच कमिट्या आणि पाच तऱ्हा. वर्ष त्यातच जायचं. म्हणून ठरलं, पाचांची मिळून एकच नियमावली करायची. एकाने तपासलं की बाकीच्यांनी मानायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण बाईची संमती कधी घ्यायची, इथे घोडं अडलं. आमचा नियम होता, कळा सुरू झाल्यावर विचारायचं नाही. दुसऱ्या हॉस्पिटलच्या सचिवांचा, त्यांना आम्ही पाठीमागे 'दाढी' म्हणतो, नियम होता की बाईला एक रात्र घरी विचार करू द्यायचा. अहो, दोघांचं म्हणणं एकच! बाई कळा देत असताना तिच्या हातात पेन द्यायचं नाही. पण माझंच वाक्य राहिलं पाहिजे म्हणून मी हटून बसले, आणि दाढी काय माझ्याहून कमी?

बैठकीचे अध्यक्ष वैतागले. "यावर सगळ्यांचं एकमत आहे ना? मग हे शेवटी घेऊ."

शेवटी जेवायची वेळ झाली. वाद होते ते सगळे मिटवून आम्ही लिहून काढले, आणि एकमत असलेली तेवढी गोष्ट लिहायची राहिली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. टाळ्या वाजवून, सह्या करून आम्ही घरी गेलो.

काल दुपारी माझी भाची आमच्याच लेबर रूममध्ये होती. मी तिची कंबर चोळत होते आणि ती नवऱ्याला लाखोली वाहत होती. तेवढ्यात एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन आली.

"ताई, इथे सही करा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं औषध आहे. निम्म्या जणींना नवीन देतोय, निम्म्यांना नेहमीचं."

मी उसळले. "डोळे फुटले का तुझे? कळा येतायत तिला!"

पोरगी कावरीबावरी झाली. "पण मॅडम, नव्या नियमावलीत तसं कुठेच नाहीये. मी दोनदा वाचली. खाली तुमचीच सही आहे."



भाची घामाने निथळत होती. "मावशी, तुझी सही आहे ना त्यावर? मग झालं तर. कुठे करू?" तिने पेन घेतलंसुद्धा. लहानपणापासून ही पोर माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकते.

मी पेन काढून घेतलं. "नको, बाळा. चूक झालीय, माझीच." कान तापले होते माझे. डॉक्टरकडे बघायचीसुद्धा लाज वाटत होती. "आता कुणालाही विचारू नकोस," एवढं कसंबसं तिला म्हटलं.

"अहो," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. एकटीच बाई होती, सोबत कुणी नाही. "मी केली की मघाशी. करायची नव्हती का?"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी तिच्याजवळ गेले. "तुम्हाला ती सही मागे घेता येईल. नीट ऐका हं, ते जे औषध आहे ना..."

तिला कळ आली. तिने माझं मनगट धरलं, दात आवळले. मी बोलायची थांबले.

"आत्ता नका हो सांगू," ती कण्हत म्हणाली. "आत्ता मला काही कळत नाहीये. तुम्हीच काय ते ठरवा."