विद्यार्थी सहा व एक

आमच्या विभागाचं वेळापत्रक तीस वर्षं समुद्राने ठरवलं. आता ते संगणक ठरवतो. केंद्र सरकारने शिक्षणाचं धोरण बदललं, विद्यापीठाने मान डोलावली आणि आमच्याकडे परिपत्रकं यायला लागली. सकाळी परिपत्रक, दुपारी त्याचं शुद्धिपत्रक.

मी राजाराम गमरे. विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या उपकेंद्रात सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, तिथे मी प्रयोगशाळा सहायक. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. बाटल्या धुणं, नमुने जपणं आणि पोरांना खडकावरून पडू न देणं ही माझी कामं. त्यातली पहिली दोन कुणालाही जमतील.

विभाग उभा केला आप्पासरांनी. पावसच्या अलीकडे, खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी एक काळा दगड निवडला, त्यावर लोखंडी चौकट ठेवली आणि सांगितलं, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला इथे यायचं आणि चौकटीच्या आत जे जे जिवंत असेल ते मोजायचं. कालवं, शंख, खेकडे, समुद्रफुलं, सगळं. फक्त पावसाळा सोडायचा. कारण त्या दोन तिथींनाच पाणी एवढं मागे जातं की तो दगड उघडा पडतो. आमच्या घरात पंचांग नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. पण तिथी मला झोपेतही सांगता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. पहाटे, नाहीतर संध्याकाळी. समुद्र काही कचेरीच्या वेळेत येत-जात नाही.

नव्या वेळापत्रकात किनाऱ्याचं प्रात्यक्षिक पडलं बुधवारी, अकरा ते एक. आमच्याकडे संगणक उन्मेष सांभाळतो. पोरगा गुणी आहे. त्याला मी म्हटलं, "उन्मेष, अकरा-बाराची ओहोटी म्हणजे अष्टमीच्या आसपास. तेव्हा पाणी मागे जातंय कुठं? दगड बुडलेलाच ऱ्हातो."

"काका, पोर्टलवर तिथीचा रकाना नाय," तो म्हणाला. "वार आणि वेळ, एवढंच मागतंय."

विभागप्रमुख भार्गवी मॅडमनी विद्यापीठाला दोन पत्रं लिहिली. त्या आप्पासरांच्याच विद्यार्थिनी, त्यांना ओहोटी शिकवायला नको. उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे. तोवर बुधवारी आम्ही प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद करायचो आणि मुलांना भिंतीवर ओहोटीचा व्हिडिओ दाखवायचो. खिडकी उघडली असती तर खरा समुद्र दिसला असता, पण मग व्हिडिओ नीट दिसत नाही.

एवढं सगळं असूनही मी त्या धोरणाला पुरत्या शिव्या घातल्या नाहीत. कारण त्यातल्या एका परिपत्रकात माझी मुलगी होती.

म्हणजे तिचं नाव नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की मधेच शिक्षण सोडून गेलेल्यांनी परत यावं; त्यांनी आधी केलेले तास क्रेडिट म्हणून धरले जातील आणि राहिलेलं पूर्ण करून पदवी घेता येईल. मी ते परिपत्रक तीनदा वाचलं. उन्मेषने विचारलं, "काका, काय नवीन भानगड?" मी म्हटलं, "नाय रे, बरं हाय हे."

मनाली याच विभागात शिकत होती. शेवटच्या वर्षाला असताना तिची आई, माझी सीता, आजारी पडली. मनालीने कॉलेज सोडलं आणि आईचं सगळं केलं. सीता गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी मनाली हैदराबादला एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. त्याला पाच वर्षं झाली. वर्षातून एकदा येते, जयंतीला, चार दिवस. त्या चार दिवसांत मी तिला पोटभर बघूनही घेत नाही, कारण मी तिच्यासाठी बाजारातून काय आणू आणि काय नको या धांदलीत असतो. ती गेली की घरात दोन कप दिसतात आणि मग मला समजतं, की मी तिच्याशी काहीच बोललो नाही.

परिपत्रकाचं मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मार्चच्या आत डिग्री मिळाली तर इथे मला कायम करतील. नाहीतर दर सहा महिन्यांनी नवीन कागद." मग कामाला लागली. राहिलेल्या लेखी परीक्षा तिने तिकडच्याच केंद्रावर दिल्या आणि चांगल्या मार्कांनी सुटली. उरलं एकच, किनाऱ्याचं प्रात्यक्षिक. साठ तास, दोन क्रेडिट. ते तिने केलेलंच होतं. पंधरा ओहोट्यांना ती चौकटीजवळ वाकून बसलेली मी स्वतः पाहिली होती. फक्त पुरावा द्यायचा होता, आणि पुरावा म्हणजे आमची किनाऱ्याची वही.

भार्गवी मॅडमनी ती जुनी वही टेबलावर उघडली आणि बराच वेळ पानं उलटली.

"राजारामभाऊ, यात मनालीचं नाव नाही हो कुठे," त्या म्हणाल्या. "सहा नावं आहेत, आणि प्रत्येक पानावर खाली लिहिलंय, विद्यार्थी सहा व एक. हे 'व एक' कोण?"

वहीतलं अक्षर माझंच. नावं लिहायचं काम आप्पासरांनी माझ्यावर सोपवलं होतं, खाली सही ते करायचे.

आता हे सांगायला हवं. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं होतं, "यांना काय, जागा राखूनच ठेवलेली असते." कोण म्हणालं ते सांगत नाही, तो माणूस आता नाही. पण ते वाक्य मी पस्तीस वर्षं डब्यासारखं रोज बरोबर नेलं. उद्या कुणी म्हणायला नको, की गमऱ्याची पोर घरी झोपते आणि बाप हजेरी मांडतो. म्हणून तिचं नाव मी कधी लिहिलंच नाही. ती हजर असायची, म्हणून 'व एक' लिहायचो. खोटं नाही आणि कुणी बोट दाखवायलाही जागा नाही. आप्पासर एकदा म्हणाले होते, "अरे, लिही की नाव. समोर उभी आहे ना ती?" मी म्हटलं, "असू दे सर." फार शहाणा समजत होतो मी स्वतःला.

मॅडम म्हणाल्या, "मार्ग आहे. ज्याने वही लिहिली त्याने प्रतिज्ञापत्र द्यायचं, की 'व एक' म्हणजे अमुक. तिच्याबरोबरच्या दोघांच्या सह्या घेऊ. तेवढं झालं की क्रेडिट जमा. ते नसेल, तर मात्र तिला जानेवारीपासून एक सत्र इथे येऊन प्रात्यक्षिक पुन्हा करावं लागेल. काय ते पंधरा तारखेच्या आत."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आठवावं लागेल, मॅडम. बरीच वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

मला आठवायचं काहीच नव्हतं. पण 'एक सत्र इथे येऊन' हे शब्द माझ्या कानात बसले होते. जानेवारी ते मे. पाच महिने घरात दुसरं माणूस. मी घरी गेलो आणि तिची खोली उघडली. गादी उन्हात टाकली. माळ्यावरून तिचे रबरी बूट काढले, खडकावर ती तेच घालायची. एकाचा तळ सुटला होता, तो चिकटवून घेतला. चुलतभावाच्या बायकोने, कमळाने, कुंपणावरून विचारलं, "मनाली येताय काय?" मी म्हटलं, "बघूया." मला स्वतःची लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम. मला माझी मुलगी घरी हवी होती. त्यासाठी मी नुसता गप्प बसलो होतो, एवढंच.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, तिचा फोन आला.

"बाबा, मॅडमनी सांगितलं मला. वहीत नाव नाय म्हणाल्या."

"हां."

"मग मी येते. दुसरा उपाय नाय. इथल्या साहेबांना बोलले मी. एवढी रजा नाय मिळणार, नोकरी सोडावी लागेल. डिग्री झाल्यावर बघू, परत घेतील की नाय ते सांगता येत नाय म्हणाले."

मी म्हणायला हवं होतं, की थांब. मी म्हटलं, "तुझे बूट नीट केलेत गो मी."

ती हसली. तिचं हसणं अगदी सीतासारखं आहे, संपतानाच ऐकू येतं. मग म्हणाली, "एक विचारू? तेव्हा विचारायचं धाडस नाय झालं."

"विचार."

"मी ती वही बघायचे दर वेळी. सगळ्यांची नावं, आणि मी 'व एक'. मला वाटायचं, तुम्हांला माझी लाज वाटते. लोकांसमोर मी तुमची मुलगी म्हणून नको असेन. म्हणून किनाऱ्यावर मी तुम्हांला हाकसुद्धा मारायचे नाय. गमरेकाका म्हणायचे, बाकीच्या पोरांसारखं."

ती म्हणायची खरी तसं. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की पोर शिस्तीची आहे.

"तसं नव्हतं गो बाय," एवढंच मला जमलं. मग त्या वाक्याचं सांगितलं, राखून ठेवलेल्या जागेचं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. पलीकडे कुठेतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या मी मोजल्या.

"नोकरी सोडू नको," मी म्हटलं. "मी उद्या सही करून टाकतो. मला सगळं आठवतंय."

"सगळं म्हणजे?"

"कार्तिकातल्या अमावास्येला तुझा पाय कापला होता, डावा. माघातल्या पौर्णिमेला तुला निळं समुद्रफूल सापडलं, ते दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. अजून सांगू?"

"नको," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

सोमवारी मी प्रतिज्ञापत्र दिलं. मॅडमनी वाचलं, आणि फक्त म्हणाल्या, "मी थांबले असते हो आणखी दोन दिवस." म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दोघा वर्गमित्रांनी सह्या केल्या. उन्मेषने पंधराही तिथींच्या तारखा आणि वेळा काढून पोर्टलवर भरल्या. पाऊणपट करायला मीच त्याला शिकवलं. जानेवारीत मनालीचे क्रेडिट जमा झाले. मार्चमध्ये तिला कायम केलं. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "छान झालं." मग विचारलं, "कवा येतेस?" ती म्हणाली, "बघते, बाबा. आता इथे जबाबदारी वाढली. जयंतीला जमेल असं नाय वाटत."

बूट परत माळ्यावर ठेवले नाहीत, दाराशीच राहू दिले.

बुधवारचा व्हिडिओ अजून चालूच आहे. पण अमावास्येला ज्यांना यायचं त्यांनी आपखुशीने यावं, असं मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलंय. क्रेडिट मिळत नाही, तरी पाच जणं येतात. परवाच्या अमावास्येला संध्याकाळी आम्ही गेलो. पाणी छान मागे गेलं होतं. पोरं वाकून मोजत होती, एकजण उगाचच खेकड्याला घाबरत होता. मी वही गुडघ्यावर घेऊन नावं लिहायला बसलो. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पेन थांबलं नाही. सहावं नाव मी पुरतं लिहिलं, मनाली राजाराम गमरे.

पस्तीस वर्षांत मी कुणाची खोटी हजेरी मांडली नव्हती. ती समोर उभी असायची तेव्हा लिहायला हात झाला नाही, आणि आता हैदराबाद इथून किती लांब आहे ते मला नीट माहीत असूनही लिहिलं.

सहीसाठी वही मॅडमकडे दिली. त्यांनी नावं वाचली. मान वर करून पोरं पाहिली, पाच होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"खाली बेरीज लिहा, राजारामभाऊ," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, विद्यार्थी सहा. त्यांनी सही केली. तोवर पाणी चौकटीपर्यंत आलं होतं, म्हणून मी चौकट उचलली आणि पोरांना वर चला म्हणून हाक मारली.