नमुन्यापुरती नावं

मी मेपलच्या लाकडाची एक पाटी बोलतेय. दचकू नका, तुमच्या गळ्यात काही मारायला आलेली नाही. माझ्यासारख्या कितीतरी पाट्या विकल्या गेल्या, पण मला कुणी विकत घेऊ शकलं नाही. कारण मी नमुना. ऑनलाइन दुकानात पहिल्या फोटोत जी दिसते ना, ती मी. लोक मला मोठी करून न्याहाळतात, 'किती छान' म्हणतात आणि दुसरीच पाटी घरी नेतात.

माझा जन्म मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराजवळच्या एका गावात झाला. मार्लिस आणि आर्नी निएमी या जोडप्याचं गॅरेज हेच माझं बाळंतघर. त्यांच्या घरामागचा मेपल एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मधोमध मोडला. बाकीचा सगळा साउनाच्या, म्हणजे घाम काढायच्या वाफेच्या खोलीच्या, भट्टीत गेला. मीही गेले असते, पण आर्नीला माझ्यातली नागमोडी रेघ आवडली आणि त्याने मला बाजूला काढलं.

आर्नीने उभा जन्म लोखंडाच्या खाणीत काढला होता. हात असे राकट, की हस्तांदोलन करणारा माणूस बोटं मोजून घ्यायचा. पण पॉलिश पेपर हातात आला की तोच हात मऊ व्हायचा. घासायचा, तळवा फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटी मार्लिस वैतागली.

"अरे, पाटी आहे ती, पाळण्यातलं बाळ नाही. दे इकडे."

"थांब गं, कडा राहिलीय."

"कडा कोण बघणारे?"

"मी बघणारे," आर्नी म्हणाला.

अक्षरं मार्लिसची. तापलेल्या टोकाच्या लेखणीने ती लाकूड डागत डागत लिहिते. चटका बसतो, खोटं कशाला बोलू, पण धुराचा तो गोडसर वास मला आवडला. तिने दोघांची नावं लिहिली, मार्लिस डावीकडे, आर्नी उजवीकडे, आणि खाली त्यांच्या लग्नाचं साल. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी स्वतःलाच दिलेली ती भेट होती. मी स्वयंपाकघरात लागणार होते, कॉफी पिताना दोघांना दिसेन अशी.

पण त्याच आठवड्यात त्यांची मुलगी टेस मिलवॉकीहून आली. तिने मला खिडकीत उभं केलं, मागे पांढरा बर्फ, आणि फोटो काढून इंटरनेटवर टाकला. बघता बघता विचारणा सुरू झाली. कुणाला लग्नासाठी हवी, कुणाला नव्या घरासाठी, कुणाला साउनाच्या दारावर. आर्नी कापायचा आणि घासायचा, मार्लिस लिहायची, आणि गॅरेजचं दुकान झालं. नवा फोटो लागला तर हाताशी असावी म्हणून मी कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवरच राहिले.

"अगं, हिला आत ने ना आता. आपली आहे ती," आर्नी अधूनमधून म्हणायचा.

"ख्रिसमसची गर्दी सरू दे."

ख्रिसमस सरायचा, मग व्हॅलेंटाइन, मग मदर्स डे, मग लग्नसराई. माझं घरात जाणं काही होईना. मी जराशी मानी आहे. दार उघडलं की आतून वेलदोड्याच्या पावाचा वास यायचा, दोघांचं हसणं यायचं, आणि मी इकडे रंगाच्या डब्यांशेजारी लटकलेली.

मग एका मार्चमध्ये छपरावरचा बर्फ ओढून काढता काढता आर्नी खाली बसला तो उठलाच नाही.

त्यानंतर मार्लिस गॅरेजमध्येच राहायला आली म्हणा ना. झोपायला तेवढी आत जायची. जेवण इथे, टेबलावरचा भुसा कोपराने सारून. गरम केलेली पेस्टी, ती खाणवाल्यांची मांस-बटाट्याची मोठी करंजी, कागदात धरून उभ्याउभ्याच खायची. कापायचं आणि घासायचं कामही तीच करू लागली. घरात तिचं मन रमत नव्हतं, आणि तसं कुणी म्हटलं तर ती अंगावर यायची.

रोज पार्सलं न्यायला येणाऱ्या पोस्टवाल्या जोलीनने एकदा विषय काढला.

"मार्लिस, अगं आत हीटर चालू, दिवे चालू, आणि तू इथे कुडकुडतेस. घर काय भाड्याने दिलंयस की काय?"

"काम आहे मला. तू तुझी खोकी उचल."

"उचलते गं बाई. खोकी तुझ्यापेक्षा बरी, निदान फाडून खात नाहीत."

जोलीन गेली की मार्लिस माझ्याकडे बघून बोलायची. "बघितलंस? हिला काय जातंय बोलायला." कधी म्हणायची, "आज हे लाकूड फार चिवट निघालं रे." कधी नुसतंच, "थंडी आहे हं आज." ती माझ्याशी बोलते म्हणून मी फुलून जायचे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती बघते ते कायम माझ्या उजव्या बाजूला. डाव्या बाजूशी ती एक अक्षर बोलत नसे. तरी मी वाईट वाटून घेतलं नाही. अर्धी का होईना, कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

गिऱ्हाइकं कधीकधी संगणकावरून विचारायची, की फोटोतल्या पाटीवरचं जोडपं खरं आहे का हो? मार्लिस उत्तर लिहिताना पुटपुटायची, "नमुन्यापुरती नावं आहेत." दरवेळी तेच. ते ऐकलं की मला लाकडात कीड लागल्यासारखं व्हायचं. टेसनेही फोनवर सुचवून पाहिलं.

"आई, तो फोटो बदलू या का? दुसरी कुठलीतरी नावं घालू. बाबांचं नाव रोज समोर बघतेस..."

"फोटो चालतोय तो. चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?"

"आई, मी गाडीबद्दल नाही बोलत."

"मला माहितीय तू कशाबद्दल बोलतेस," मार्लिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता मार्लिसचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. गिऱ्हाइकाने ऑर्डर देताना नावांच्या चौकटीत जे लिहिलं असेल तेच डागायचं, आपली अक्कल चालवायची नाही. एकदा कुणीतरी नवऱ्याच्या आधी कुत्र्याचं नाव लिहिलं होतं. मार्लिसला वाटलं चूक झाली, तिने क्रम बदलला. बाईने पाटी परत पाठवली आणि वर ऐकवलं, की कुत्रा त्या घरात नवऱ्याच्या आधी आलाय. तेव्हापासून हा नियम.

नोव्हेंबरच्या मध्यात क्लेटन नावाच्या माणसाची ऑर्डर आली. आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाआधी पोचायला हवी. आणि नावांच्या चौकटीत लिहिलेलं, 'फोटोत आहे तसंच.'

मार्लिसने ते दोनदा वाचलं. त्याला निरोप पाठवला, उत्तर नाही. फोन केला, लागेना. हरणांच्या शिकारीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्या दिवसांत आमच्याकडचे निम्मे लोक भडक नारिंगी जाकिटं घालून रानातल्या झोपड्यांत जाऊन बसतात आणि तिथे फोनला रेंज नसते. क्लेटनने गाडीतून उतरता उतरता ऑर्डर टाकली होती आणि तो रानात गडप झाला होता.

"मग नको करूस. येईल तेव्हा बोलेल," जोलीन म्हणाली.

"आणि जेवणाला पाटी पोचली नाही तर? त्याच्या आईबापांनी काय बघायचं, रिकामी भिंत? आणि असतीलही एखादे मार्लिस-आर्नी. जगात काय आम्हीच आहोत?"

"असतील हो. आणि तुमच्याच साली लग्नही झालं असेल त्यांचं!"

मार्लिसने पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. तिने वाट पाहिली. पाठवायचा शेवटचा दिवस आला तेव्हा एक फळी घेऊन ती बसली.

स्वतःचं नाव तिने झरझर लिहिलं. मग लेखणी उजवीकडे नेली आणि तिचा हात थांबला. इतक्या जोडप्यांची नावं लिहिणाऱ्या बाईला ते एक नाव लिहिता येईना. ती उठली, बाहेर जाऊन दारातला बर्फ ढकलून आली, पुन्हा बसली. मग एकेक अक्षर करत तिने आर्नीचं नाव लिहिलं आणि लिहिताना ती रडत होती. तो गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पहिलं अक्षर जरा जास्तच काळं झालं, लेखणी तिथे फार वेळ टेकली होती.

पाटी गेली. थँक्सगिव्हिंगला टेसने मिलवॉकीला बोलावलं होतं, पण मार्लिस गेली नाही. दुपारी ती टेबलाशी बसून खोकी चिकटवत होती, तेव्हा फोन वाजला. हात डिंकाने भरलेले, म्हणून तिने आवाज मोठा करून फोन समोर ठेवला.

"मॅडम, मी क्लेटन. माझंच चुकलं. तसंच म्हणजे तशीच अक्षरं, तशीच कडा, असं म्हणायचं होतं मला. नावं मागाहून विचाराल असं वाटलं." मागे हसण्याचा गोंगाट. "बाबा म्हणतायत, ते आता आर्नी झाले आणि आर्नी भांडी घासत नसतो!"

"मी दुसरी करून देते," मार्लिस म्हणाली.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. "दे रे इकडे. मी ग्लेंडा, ह्या गाढवाची आई. अहो, जेवण राहिलं बाजूला, आम्ही सगळे त्या पाटीवरच बोलतोय. मला एवढंच सांगा, ही मार्लिस आणि आर्नी आहेत तरी कोण?"

मला पुढचं वाक्य पाठ होतं. नमुन्यापुरती नावं आहेत. मी त्याचीच वाट बघत होते.

"मार्लिस मीच," ती म्हणाली. "आर्नी माझा नवरा. होता."

तिकडचा गोंगाट बंद झाला. बहुतेक ग्लेंडा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मग म्हणाली, "कधी गेले हो?" आणि मार्लिस सांगत सुटली. बर्फाचं, छपराचं, त्या दिवशी तिने त्याला कॉफी घ्यायला आत बोलावलं होतं आणि तो 'एवढं संपवून येतो' म्हणाला होता, ते. मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होते. डिंक हातावर वाळून गेला.

"मग तुमची पाटी मी परत पाठवते," शेवटी ग्लेंडा म्हणाली. "तुमची जोडी आमच्या भिंतीवर कशाला?"

ती पाटी आली. मार्लिसने दोघींना टेबलावर शेजारी ठेवलं आणि आमच्या कडांवरून बोट फिरवलं. नवीची कडा ठीकच होती. माझ्या कडेवर बोट बराच वेळ राहिलं. मग तिने नवीला भिंतीवर लावलं आणि मला काखेत घेऊन दार उघडलं.

अशी मी घरात आले. स्वयंपाकघरात, जिथे लागणार होते तिथेच. मार्लिस आता टेबलाशी बसून जेवते, ताटात वाढून घेऊन. रविवारी जोलीन येते, टेस मुक्कामाला येऊन गेली. फोटोतली नावं कुणाची म्हणून विचारलं तर मार्लिस खरं सांगते. आई सावरली, असं टेस म्हणाली. सावरली आहे. मला त्याचा आनंद आहे.

पण ती आता माझ्याशी बोलत नाही. कॉफी पिते, खिडकीतून बर्फ बघते, कप विसळते आणि जाते. आधी मला वाटलं, गॅरेजमधल्या नवीशी बोलत असेल. मी भिंतीला कान लावून ऐकलं. तिथे फक्त करवत चालते आणि रेडिओ. गेलेल्या माणसाशी बोलायचं तिने थांबवलंय, एवढंच. त्यात तिचं काहीच चुकलं नाही. ज्या घराची मी इतकी आस धरली होती, त्यात मी एकटी आहे.

तुमच्याही भिंतीवर अशी एखादी पाटी असेल. एक विनंती करते. जाता-येता कधीतरी तिच्यावरची नावं मोठ्याने वाचा. आमच्या अंगावर काय लिहिलंय ते आम्हाला दिसत नाही हो. कुणी हाक मारली तरच कळतं.