दहा फुटी खांब, दोन नग

चांद्यातल्या त्या कॉलेजात बास्केटबॉल सुरू झाला तो खेळावरच्या प्रेमापोटी, असं कोणी सांगू लागलं तर खुशाल त्याच्या तोंडावर हसावं. फुटबॉलला अकरा पोरं लागतात, हॉकीला अकरा पोरं आणि वर अकरा काठ्या. बास्केटबॉलला पाच पोरं आणि एक चेंडू. एवढं गणित प्रिन्सिपॉलसाहेबांना सुटलं आणि सत्तावन्नच्या जुलैत कॉलेज खेळाडू झालं.

खेळाची जबाबदारी कुंदावार सरांच्या गळ्यात पडली. सर तर्कशास्त्र शिकवत. त्यांनी नागपूरहून नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं, त्याला खाकी कव्हर घातलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मग एका चिठ्ठीवर 'दहा फुटी खांब, दोन नग' असं लिहून ती जटपुरा गेटाजवळच्या बाबूभाई मिस्त्रींकडे पाठवली. कॉलेजची बाकं, फळे, खुर्च्या सगळं बाबूभाईंच्याच हातचं. त्यांनी दहा फुटांचे सागवानी खांब रंधून दिले, सूतभर कमी नाही की जास्त नाही. आता खांब म्हटला की जमिनीत गाडावाच लागतो. दीड फूट जमिनीत गेला. वरच्या टोकाशी बोर्ड आणि लोखंडी रिंग. जी रिंग दहा फुटांवर पाहिजे ती साडेआठ फुटांवर बसली. तर्कशास्त्राच्या सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि 'फर्स्टक्लास!' म्हणाले.

अख्ख्या कॉलेजात ही गोष्ट एकाच्याच लक्षात आली. बाबूभाईंचा थोरला पोरगा कय्यूम इंटरला होता. नागपूरला मामूकडे असताना त्यानं हा खेळ दोन वर्षं कंपाउंडच्या भिंतीवर बसून पाहिला होता आणि वर्षभर खेळलाही होता. टीममधल्या बाकी चौघांनी जुलैपर्यंत हा चेंडू पाहिलाही नव्हता. वारलू चिमूरकडच्या खेड्यातला, तो चेंडू कणसाच्या भाऱ्यासारखा छातीशी धरून पळायचा. दुसऱ्या दोघांची तर नावं घेण्यातही अर्थ नाही. आणि कॅप्टन म्हणजे गुणवंतराव! विसाव्या वर्षीच नावाला 'राव' लागलेला, कारण बाप जंगलाचा मोठा ठेकेदार. सव्वासहा फूट उंची आणि त्या उंचीत वरपर्यंत काही पोचलेलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं उडी मारली, चेंडू वरून रिंगमध्ये सोडला, आणि खाली उतरला तो छाती काढूनच.

"पाह्यलं काय बे? उडलो मी!"

कय्यूमला शंका आली. दुपारी मैदान रिकामं होतं तेव्हा त्यानं अब्बांची फूटपट्टी आणली आणि खांबावर चढून मोजलं. साडेआठ फूट! त्याला हसू फुटलं. पण पोरगा तेव्हा वाईट नव्हता. तो सरांना सांगायला सरळ स्टाफरूमकडे निघाला.

व्हरांड्यातच त्याला सरांचा आवाज ऐकू आला. गुणवंतराव विचारत होता, "सर, हा कय्यूम काऊन घेतला जी टीममधी?"

सर म्हणाले, "अरे, त्याच्या बापानं खांब बसवले ना. खेळायला नाही, बोर्डाचा खिळा निघाला तर ठोकायला घेतलाय."

दोघंही हसले. कय्यूम दारापासून मागे फिरला. कानशिलं तापली होती, फूटपट्टी हातात होती, आणि तिथल्या तिथं त्याच्या मनानं ठरवलं, मरा! खेळा तुमच्या साडेआठ फुटांवर. विद्यापीठाच्या टीमची निवड दरवर्षी डिसेंबरात नागपूरला होते, तिथं रिंग दहा फुटांवर असते. तिथं हे सगळे तोंडावर पडतील आणि एकटा कय्यूम चमकेल. विद्यापीठाचा निळा कोट घालून जटपुरा गेटातून आत यायचं, आणि सरांना आणि रावाला नुसतं बघू द्यायचं. दुसरं काहीच त्याला नको होतं. त्या कोटासाठी तो जीव टाकायला तयार होता.

घरी त्यानं अब्बांना रिंगचं सांगितलं. बाबूभाईंचा चेहराच उतरला.

"कागदावर दहा फुटाचा खांब लिवला होता बेटा. मी दहाचाच देल्ला. तू सरले सांग, एका दिवसात उंच करून देतो मी."

"सांगितलं मी," कय्यूम म्हणाला. खोटं इतक्या सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्यानं वर तिखटमीठही लावलं. "ते म्हणे, राहू दे तसंच. मिस्त्रीले काय समजते त्यातलं?"

तीस वर्षं बाबूभाईंनी कॉलेजातल्या, शाळेतल्या प्रत्येक मास्तराला रस्त्यात थांबून सलाम केला होता. त्या दिवसापासून कुंदावार सर समोरून आले की ते मान दुसरीकडे वळवू लागले. का, ते कोणाला सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा होता.

मग सुरू झाला तो हंगाम! वर्धा आलं, यवतमाळ आलं, भंडारा आलं. बाहेरच्या टीमा चांद्याला यायला एका पायावर तयार, कारण गुणवंतरावाचा बाप प्रत्येक टीमला सांबराचं मटण खाऊ घालायचा आणि जीपमधून जंगल दाखवायचा. पाहुणे पोटभर जेवून मैदानावर यायचे, सवयीनं दहा फुटांची फेक करायचे आणि चेंडू बोर्डावरून पलीकडे बाभळीत. इकडे गुणवंतराव उड्या मारून चेंडू वरून टाकतोय. एका टीमच्या कॅप्टननं सरांना विचारलंही, "रिंग जरा जवळ वाटते का हो?" सर म्हणाले, "चांद्याची पोरंच उंच असतात." वा रे तर्कशास्त्र!

सात सामने झाले आणि साती जिंकले. गावात मिरवणुका निघाल्या. पानठेल्यावर लोक रावाला फुकट पान देऊ लागले. वारलू गावी गेला तर त्याला म्हणे पाटावर बसवून ओवाळलं. कय्यूम हे सगळं बघायचा आणि आतल्या आत हसायचा. मूर्खांचा बाजार भरलाय नुसता, आणि त्या बाजारात शहाणा काय तो मी एकटा. ही भावना त्याला इतकी गोड लागायला लागली की कोटाइतकीच तिचीही चटक लागली. रोज संध्याकाळी तो घरामागच्या कडुनिंबावर पिंपाचं कडं ठोकून बरोबर दहा फुटांवर चेंडू टाकायचा. दिवसाला दोनशे वेळा. हात दहाला बसला तसा साडेआठला चुकू लागला. कॉलेजात त्याची फेक वरून जायची.

"कय्यूमचा नेम गेला," सर म्हणायचे.

"त्याले खिळे ठोकाले ठेवा सर," गुणवंतराव म्हणायचा, आणि कय्यूम मनात म्हणायचा, थांबा लेको, डिसेंबर येऊ द्या.

डिसेंबर आला आणि घात झाला. गुणवंतरावाच्या बापानं विद्यापीठाला कळवलं की शेवटची फेरी या वर्षी चांद्याला घ्या, मंडप आमचा, जेवण आमचं, साहेबलोकांची जंगलातली सोय आमची. विद्यापीठवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. निवड चांद्याला होणार. त्याच साडेआठ फुटांवर!

कय्यूमनं पाच महिने घासून घासून जो हात तयार केला, तोच आता त्याचा गळा धरणार होता. आठ दिवसांत हात परत खाली आणायचा प्रयत्न केला, जमेना. शेवटी तो सरांकडे गेला.

"सर, ते रिंगचं जरा..."

"रिंगचं?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नेम तुझा जातो आणि खापर रिंगवर? जा, प्रॅक्टिस कर."

पुढचं वाक्य त्याच्या ओठावर होतं. पाच शब्दांचं काम होतं. पण तो अपमान त्याला खरं तर बरा वाटला, कारण आता गप्प राहायला कारण सापडलं होतं. ज्याला ऐकायचंच नाही त्याला मी का सांगू? घाला खड्ड्यात!

शेवटचा सामना नागपूरच्या टीमशी. मंडप भरून माणसं. निवड करायला एक म्हातारे गृहस्थ आले होते, डोक्याला मफलर, मांडीवर वही, आणि सांबराच्या मटणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कय्यूमनं पहिल्या अर्ध्यात नऊ वेळा चेंडू टाकला. नऊच्या नऊ वरून गेले. लोक हसू लागले. कोणी तरी मागून ओरडलं, "अबे, बाभळीत रिंग लावा त्याच्यासाठी!" दुसऱ्या अर्ध्यात तर वारलूसुद्धा त्याला पास देईना. गुणवंतरावानं मात्र वरून टाकून टाकून धुमाकूळ घातला. चांदा चौदा गुणांनी जिंकलं.

म्हाताऱ्यांनी उठून नावं वाचली. चांद्याचं एकच नाव, गुणवंतराव. टाळ्यांनी मंडप दणाणला. कय्यूमच्या डोळ्यांसमोर तो निळा कोट रावाच्या अंगावर चढला, आणि मग त्याला राहवलं नाही.

"खोटं आहे!" तो मैदानाच्या मधोमध जाऊन ओरडला. "रिंग ठेंगणी आहे! मोजा! आत्ता मोजा!"

एकच गलका झाला. रावाच्या बापाच्या लाकडाच्या डेपोतून मोजायचा टेप आला. म्हाताऱ्यांनी स्वतः टेप धरला आणि मोठ्यानं वाचलं, "आठ फूट सहा इंच." नागपूरची पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुंदावार सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

म्हातारे कय्यूमकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "तरीच! मी तुझा हात बघत होतो, पोरा. फेक इतकी सुंदर, आणि चेंडू दरवेळी दीड फूट वर. मला काही उलगडेना. दहा फुटांवर हे नऊच्या नऊ आत पडले असते." त्यांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "नाव काय तुझं?"

"कय्यूम बाबूभाई."

त्यांनी 'क' काढला असेल नसेल, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

कय्यूमनं पेनाकडे पाहिलं. "आजच सर. खेळता खेळता."

"आज नाई साहेब!"

बाबूभाई गर्दीतून पुढे येत होते. ज्या लेकाला सगळा गाव हसला होता, तो खरा ठरला होता, आणि बापाच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "लाजते पोरगा. जुलैतच मोजलं यानं, माह्या फूटपट्टीनं. तवाच सांगितलं सरले. खांब मी रोवला साहेब, चूक माही, पण पोरानं पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. सरच ऐकून नाई राह्यले."

"मला?" कुंदावार सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बाबूभाई, मला कोणी काही सांगितलं नाही. देवाशपथ. सांगितलं असतं तर मी रिंग अशी ठेवली असती का हो?"

पेन थांबलं. म्हाताऱ्यांनी कय्यूमकडे पाहिलं, मग गुणवंतरावाला विचारलं, "आणि कॅप्टन, तुम्हाला माहीत होतं?"

गुणवंतराव तोंड उघडं टाकून रिंगकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ठेंगणी व्हती?" तो म्हणाला. "अन् मले वाटे, मी उडून राह्यलो."

कोणी हसलं नाही. कय्यूमलाही हसू आलं नाही, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला त्या उंच गाढवाची कीव आली. पाठोपाठ स्वतःची इतकी किळस आली की मान खाली गेली. म्हाताऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी काही शिक्षा दिली नाही, उपदेश केला नाही. फक्त वारलूला म्हणाले, "उद्या सकाळी रिंग वर करून सामना परत होईल. तुम्ही चौघं या, आणि पाचवा कोणी तरी शोधून आणा."

बाबूभाईंनी लेकाकडे एकदा पाहिलं, तेवढ्यात त्यांना कळायचं ते कळलं. मग ते मैदान ओलांडून कुंदावार सरांपुढे गेले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी हात जोडले.

"सर, माफ करा जी मले. पाच महिने झाले, मी तुमाले बेवकूफ समजून राह्यलो होतो."