मिजलींच्या घरचा धूर

एनिड बूथरॉइडने शेगडीतली राख खरवडून पत्र्याच्या बादलीत काढली, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे जाळीवर मांडले आणि त्यांच्यावर काल वेचून आणलेला कोळसा रचला. कोळसा कसला, निम्मा दगडच. काडी लावताच तो तडतडू लागला. एक खडा उडून सतरंजीवर पडला, तो तिने सपातेने चिरडला. मग चहाचं आधण ठेवून, नवऱ्याचे, सेथचे, धुतलेले मोजे वाळत घालायला ती मागच्या अंगणात गेली. दोरीला चिमटे लावता लावता तिची नजर सवयीने वर, रांगेतल्या धुराड्यांकडे गेली.

खाण चालू असताना कामगारांच्या दारात कोळशाचे ढीग येऊन पडत, पगाराचाच भाग म्हणून. संप सुरू झाला तसे ते थांबले. आता अख्खं गाव खाणीबाहेरच्या टाकाऊ मातीच्या टेकाडावर कोळसा वेचत होतं, आणि घराघरातून पिवळट, घशाला झोंबणारा धूर निघत होता. फक्त शेजारच्या मिजलींच्या धुराड्यातून तो पातळ, निळसर, स्वच्छ निघत होता. गेला आठवडाभर.

असा धूर म्हणजे चांगला कोळसा. आणि चांगला कोळसा आता एकाच घरी येऊ शकतो, हे यॉर्कशरच्या या गावात शाळकरी पोरानेही सांगितलं असतं: जो गुपचूप कामावर परतला, त्याच्या.

कामगार सभागृहाच्या स्वयंपाकघरात बायका बटाटे सोलत होत्या. संपकऱ्यांच्या दुपारच्या जेवणाची सगळी व्यवस्था एनिडकडे होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर पंतप्रधानबाई बोलत होत्या. आवाज मऊ, केस जागच्या जागी. कामावर परतणारे खरे शूर आहेत, रोज त्यांची संख्या वाढते आहे, सरकार त्यांच्या पाठीशी उभं आहे, इत्यादी.

"बंद कर गं ती बया," कुणीतरी म्हणालं.

"राहू दे," संप समितीचा होरेस दारातून आत येत म्हणाला. "ती आपल्याला खिंडीत गाठत नाहीये, एकमेकांच्या अंगावर सोडतेय. एनिड, जरा बाहेर ये."

बाहेर त्याने आवाज खाली आणला. "मिजलींचा धूर पाहिलास?"

"डोळे आहेत मला."

"क्लिफर्ड मिजलीला पोलिसांनी खाणीच्या फाटकापाशी निदर्शनं करताना धरलं, तेव्हा बाकीचे कोठडीत कुजले आणि हा संध्याकाळी घरी. तेव्हापासून म्हणे पाठ धरलीय. ना फाटकावर, ना टेकाडावर. आणि शेगडी मात्र राणीच्या महालासारखी!"

"बायको आणि दोन पोरं रोज इथे जेवतात, होरेस."

"तेच म्हणतोय. उद्यापासून त्यांची ताटं बंद. आणि त्यांच्या दारावर काय लिहायचं ते पोरं लिहितील."

ताटं बंद झाली की ते घर गावातून उठलं, हे एनिडला ठाऊक होतं. तो डाग नातवंडांपर्यंत पुसला जात नाही. "आजचा दिवस थांब," ती म्हणाली. "मी स्वतः बघते."

"बघ. पण खोटं बोलू नकोस माझ्याशी."

दुपारी उशिरा ती मिजलींच्या मागच्या दाराशी गेली. या रांगेत मागची दारं कुणी लावत नसे. हाक मारायची आणि आत शिरायचं. दाराला आतून कडी होती. तिच्या मनातला संशय आणखी घट्ट झाला.

"वेरा! मी आहे."

क्लिफर्डच्या बायकोने दार चार बोटं उघडलं. "मुलं झोपलीत, एनिड."

"त्यांचा दंगा ऐकतेय मी." एनिडने खांदा लावला आणि ती आत गेली.

आत कोळशाचा वास नव्हता. जुन्या व्हार्निशचा होता. मुलं फरशीवर बसली होती, कारण खुर्च्या नव्हत्या. टेबल नव्हतं. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसत्या बिजागऱ्या लटकत होत्या. जिन्याशी गुडघ्यांवर बसून क्लिफर्ड कठडा करवतीने कापत होता. कोळशावर वाढलेल्या या गावाला वाळक्या लाकडाचा धूर कसा दिसतो, हेच ठाऊक नव्हतं. एनिडलाही नव्हतं.

"पाठ बरी आहे म्हणायची तुझी," ती कसंबसं म्हणाली.

क्लिफर्डने करवत खाली ठेवली. "सुटकेसाठी पोलिसांच्या कागदावर सही केली मी, एनिड. फाटक, टेकाड, खाणीची कुठलीच जमीन, पाय ठेवणार नाही अशी. बाकीच्यांनी नाही केली. मला पोरं दिसत होती डोळ्यांपुढे."

"मग तसं सांगायचंस! कोळसा आम्ही आणून दिला असता."

"भेकड म्हणवून घेण्यापेक्षा कठडा जाळलेला बरा." त्याने तिच्याकडे पाहिलं. "होरेसला सांगू नकोस. पाया पडतो."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. सेथने चहाचा कप खाली ठेवला.

"आपला कोळसा देऊ त्यांना," तो म्हणाला.

"मी जाऊन आले आणि लगेच धूर बदलला, म्हणजे पकडले गेले म्हणून लपवताहेत. लोक असंच म्हणतील."

"मग?"

एनिड भिंतीशी उभ्या असलेल्या कपाटाकडे पाहत होती. सेथच्या आईचं ओकचं कपाट. त्यातल्या बशा ती लग्नापासून दर शनिवारी पुसत आली होती.

"तुला कधी आवडलंच नाही ते," सेथ म्हणाला.

"तुझी आई आवडली नाही. कपाट चांगलं आहे."

सेथ हसला नाही. "होरेस उद्या आपल्यावरही बोट दाखवेल, एनिड."

"दाखवू दे. मी वाढलेल्या ताटात जेवतो तो. मिजलींना गद्दार म्हणायचं तर आधी मला तोंडावर म्हणू दे."

सेथ उठला आणि कोळशाच्या कोठीतून कुऱ्हाड घेऊन आला. एनिडने बशा एकेक करून जमिनीवर उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राख काढली, बोळे मांडले आणि त्यांच्यावर ओकच्या फळ्या आडव्यातिडव्या रचल्या. चहाचं आधण ठेवून ती अंगणात गेली. रांगेतल्या पिवळट धुरामध्ये दोन धुराडी शेजारी शेजारी निळसर धूर सोडत होती. रस्त्यापलीकडे होरेस मान वर करून उभा होता. एनिडने त्याला हात केला, आजचे मोजे दोरीवर घातले आणि सभागृहात जाऊन मिजलींची ताटं सर्वांत आधी मांडली.