ओडेलला मिळालेली अकरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना, अंडी उकडताना लावायचा गजर आहे. पिळलं की टिकटिक करायची आणि तीन मिनिटांनी टर्रर्र वाजायचं, एवढंच माझं काम. अंड्यांच्या वाफेने माझा पिवळा रंग उडाला, तेव्हा बर्नाडीनबाईंनी मला स्वयंपाकघरातून उचललं आणि ओहायोतल्या आमच्या गावाच्या उद्यान समितीच्या टेबलावर ठेवलं. बाई समितीच्या अध्यक्ष. त्यांचा नियम साधा होता. नागरिकाने तीन मिनिटं बोलायचं, गजर झाला की खाली बसायचं, आणि तोवर कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.

सतरा वर्षं मी इमानाने वाजलो. "लोक महापौराला भीत नाहीत, पण या डबीला भितात," असं माझं कौतुक व्हायचं. तेलाचा थेंब मात्र कुणी घातला नाही.

मला वाईट वाटायचं ते एका ओडेलचं. गावच्या सफरचंदाच्या बागेत चाळीस वर्षं कलमं बांधलेला हा म्हातारा अडखळत बोलायचा. नाव आणि पत्ता सांगण्यातच त्याची दोन मिनिटं जायची. मुद्द्यावर येतो न येतो तोच मी टर्रर्र! तीन सभा असंच झालं. आणि समिती विकायला निघाली होती तीच बाग. बारा एकरांवर घरं होणार होती. लोक खूश होते, कारण हरणांनी त्यांच्या अंगणांची पार वाट लावली होती.

मतदानाचा दिवस आला. बागेजवळ राहणारा क्लाइड तावातावाने म्हणाला, "माझे ट्यूलिप एका रात्रीत फस्त! बाग गेली की ही ब्यादही जाईल." टाळ्या पडल्या. मग ओडेल उठला. बाईंनी मला पिळलं. दोन मिनिटं झाली आणि माझी स्प्रिंग अडकली. देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाही!

ओडेलने सवयीने माझ्याकडे पाहिलं, जरा थांबला आणि पुढे बोलू लागला.

"ह... हरणं बागेत पडलेली सफरचंदं खातात. आपण खालचं कुरण विकलं, त्याच वर्षी ती तुमच्या अंगणात शिरली. आता बाग विकलीत तर ती जाणार कुठं? क्लाइड, तुझ्याच दारात येतील बाबा."

"बाई, तीन मिनिटं कधीच झाली!" क्लाइड ओरडला.

"गजर वाजला का? नाही ना? मग गप बस," बाई म्हणाल्या.

बाग राखा आणि माद्यांना पिल्लं न होण्याची लस टोचा, असं ओडेलने सावकाश, नीट सांगितलं. अकरा मिनिटं लागली.

क्लाइडने डोकं खाजवलं. "च्यायला, हे आधी का नाही बोललास?"

"त्या... त्या डबीला विचार."

मी शरमेने अर्धा झालो. पण चार विरुद्ध एक मतांनी बाग वाचली, लसही मंजूर झाली, आणि नेमकी तेव्हाच माझी स्प्रिंग सुटली. टर्रर्र! क्लाइडसकट सगळी सभा खो खो हसली. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आता टेबलावर लाल आकड्यांचं नवं घड्याळ आहे. ते सेकंदालाही चुकत नाही. पण ओडेल उठला की बाई ते पालथं घालतात आणि मला पिळतात; माझी स्प्रिंग अजून अडकते, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मला तेल नाही घातलंत तरी चालेल, मित्रांनो. अडखळणाऱ्याचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या. हरणं कुठं जाणार, हे कदाचित त्यालाच ठाऊक असेल.